एका रणभूमीची दोन नावे

युद्ध पुकारले गेले म्हणजे राज्यकर्त्यांना दोन गोष्टींची निकड भासते. एक तर लढावयास माणसे हवीत. आणि दुसरे, त्या माणसांनी मरणास तयार व्हावे असे काही कारण हवे. युद्धाची खरी कारणे बहुधा रुक्ष असतात. बंदरे, खाणी, सरहद्दी आणि गुप्त करार ह्यांसाठी शेतकऱ्याचा मुलगा नांगर टाकून हसतमुखाने घराबाहेर पडत नाही. मग राज्यकर्ते पूर्वजांकडे वळतात. पूर्वजांचा कोठे पराभव झाला होता, त्यांनी कोठे विजय मिळविला होता, कोणत्या मातीत त्यांचे रक्त सांडले होते, ह्याची आठवण अकस्मात सर्वांना करून दिली जाते. काल-परवापर्यंत पाठ्यपुस्तकात निजलेली एखादी लढाई चव्हाट्यावर येऊन उभी राहते आणि जिवंत माणसांजवळ आपले देणे मागू लागते.

हा व्यवहार सर्व देशांत चालत आला आहे. परंतु सामान्य सिद्धांत सांगण्यापेक्षा एका उदाहरणाचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला, तर तो अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून आजच्या भाषणासाठी मी एकच रणभूमी निवडली आहे. आजच्या पोलंडच्या उत्तर भागात, तळ्यांच्या आणि पाइनच्या अरण्यांच्या प्रदेशात, थोड्या थोड्या अंतरावर काही लहान खेडी आहेत. त्यांपैकी एकास जर्मन लोक टॅनेनबर्ग म्हणत. जवळच्याच दुसऱ्या खेड्यास पोलिश लोक ग्रुन्वाल्ड म्हणतात. दोन्ही राष्ट्रांनी एकाच लढाईला ही दोन वेगळी नावे दिली, आणि ह्या दोन नावांच्या आधारे पाच शतकांनंतर लक्षावधी माणसांच्या भावना चेतविल्या गेल्या.

प्रथम मूळ घटना पाहू. १५ जुलै १४१० रोजी येथे मध्ययुगीन युरोपातील एक मोठी लढाई झाली. एका बाजूस ट्यूटॉनिक संघ होता. हा जर्मन भाषा बोलणाऱ्या सरदारांचा लढाऊ धर्मसंघ. त्याचे बंधू धर्मव्रते घेत, शुभ्र झग्यावर काळा क्रूस धारण करीत, आणि त्या संघाचे पूर्ण नावच मुळी पवित्र मरियेच्या नावाने होते. दुसऱ्या बाजूस पोलंडचा राजा व्लादिस्लाव यागेलो आणि त्याचा चुलतभाऊ, लिथुएनियाचा महाराजा व्हितौतस, ह्यांची संयुक्त सेना होती. लढाईपूर्वी संघाच्या वतीने राजाकडे दोन नंग्या तलवारी पाठविण्यात आल्या. तुमच्याजवळ लढण्याचे धैर्य नसेल तर ह्या घ्या, असा त्यातील उपहास होता. दिवस मावळण्यापूर्वी संघाची सेना मोडली आणि संघप्रमुख उल्रिख फॉन युंगिंगेन रणांगणावर पडला. यागेलोने त्याचा देह सन्मानपूर्वक संघाच्या राजधानीस, मारियेनबर्गच्या किल्ल्यात, पोहोचता केला.

हे जर्मन आणि स्लाव ह्या दोन वंशांचे युद्ध होते काय? पुढे उभय पक्षांनी तसेच सांगितले. परंतु त्या दिवशीच्या सेनांकडे पाहिले म्हणजे निराळे चित्र दिसते. राजाच्या सेनेत पोलिश आणि लिथुएनियन होतेच. पण स्मोलेन्स्कचे रशियन भाषिक, चेक भाडोत्री सैनिक आणि मुसलमान तार्तार घोडेस्वारही होते. संघाच्या बाजूने सायलेशियातील ओलेश्नित्साचा पोलिश राजवंशातील कोनराड लढला आणि कैद झाला. दोन्ही सेना ख्रिस्ती होत्या. दोन्हीकडे एकाच धर्माची उपासना झाली आणि दोघांनीही एकाच मातेची मध्यस्थी मागितली. लिथुएनिया १३८७ मध्येच ख्रिस्ती झाला होता. मूर्तिपूजकांशी लढणे हे संघाच्या अस्तित्वाचे कारण. ते कारणच संपल्यामुळे संघाची कुचंबणा झाली होती. भांडण मुख्यत्वे समोगिटिया आणि डोब्झिन ह्या प्रदेशांच्या मालकीचे होते. त्याहून बोलका पुरावा पुढच्या पिढीचा आहे. १४५४ मध्ये डान्झिग, थॉर्न इत्यादी नगरांतील जर्मन भाषिक व्यापाऱ्यांनी संघाच्या करांना कंटाळून बंड केले आणि पोलंडच्या राजाचे छत्र पत्करले. तेरा वर्षे ते संघाविरुद्ध लढले. त्यांना आपण जर्मन वंशाशी द्रोह करीत आहोत असे वाटले नाही; तो विचारच त्यांच्या काळाचा नव्हता.

लढाईनंतर एक वेगळाच सामना झाला, आणि माझ्या मते तो रणांगणावरील सामन्याइतकाच महत्त्वाचा आहे. १४१४ ते १४१८ ह्या काळात कॉन्स्टन्स येथे धर्मपरिषद भरली होती. तेथे क्राकोव्ह विद्यापीठाचा पंडित पावेल व्लोद्कोविट्स ह्याने संघाविरुद्ध युक्तिवाद केला की, मूर्तिपूजकांनाही आपल्या भूमीचा व मालमत्तेचा हक्क आहे, आणि तलवारीच्या धाकाने धर्म लादणे हे ख्रिस्ताच्या शिकवणुकीविरुद्ध आहे. पुढील पाच शतकांच्या उत्सवांत ग्रुन्वाल्डचे भाले आणि तलवारी पुन्हा पुन्हा मिरविल्या गेल्या. ह्या पंडिताची आठवण मात्र फार थोड्यांनी काढली. स्मृतीचा राजकीय उपयोग करणारे काय उचलतात आणि काय टाकून देतात, ह्याची ही पहिली खूण.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत पोलंडचे राज्य प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया ह्यांनी गिळंकृत केले होते. ज्या राष्ट्राला राज्य उरत नाही, ते स्मृतीत राहू लागते. यान मातेइको ह्या चित्रकाराने १८७८ मध्ये ग्रुन्वाल्डच्या लढाईचे सुमारे दहा मीटर लांबीचे प्रचंड चित्र पुरे केले. हेन्रिक शेन्केविच ह्याने शतकाच्या अखेरीस ट्यूटॉनिक सरदारांवर कादंबरी लिहिली, ती घरोघर वाचली गेली. उलटपक्षी जर्मनीत इतिहासकार ट्राइट्श्के ह्याने १८६२ मध्येच संघाला पूर्वेकडे संस्कृती नेणाऱ्या जर्मनांचा अग्रदूत ठरविले होते. १९०१ मध्ये युंगिंगेन जेथे पडला असे मानीत, तेथे त्याच्या हौतात्म्याचा शिलालेख उभारण्यात आला; त्यात तो जर्मन संस्कृती व जर्मन हक्क ह्यांसाठी लढताना मेला, असे नमूद होते. १९०२ मध्ये सम्राट दुसरा विल्हेल्म मारियेनबर्गला गेला आणि पोलिश उद्धटपणाविरुद्ध त्याने जर्मनांना हाक दिली. येथे एक मौज आहे. १५२५ मध्ये संघाचा प्रमुख आल्बर्ट ह्याने संघ सोडला, लूथरचा पंथ स्वीकारला, पोलंडच्या राजापुढे गुडघे टेकून प्रशियाची जहागीर घेतली. आणि तो आल्बर्ट ह्याच सम्राटाच्या होहेनझोलर्न घराण्यातील होता. ज्या घराण्यातील पुरुषाने प्रशियातील संघराज्य मोडीत काढले, त्याच घराण्याचा वंशज संघाचा वारस म्हणून उभा राहिला.

परंतु ह्या सर्व शब्दच्छलामागे खरे दुःखही होते, हे विसरता कामा नये. त्याच १९०१ साली प्रशियाच्या अमलाखालील व्झेश्न्या गावी शाळेतील पोलिश मुलांनी धर्मशिक्षणाचे पाठ जर्मन भाषेत म्हणण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना छड्यांचा मार खावा लागला आणि दाद मागणाऱ्या पालकांना तुरुंगात जावे लागले. मुलाने देवाची प्रार्थना कोणत्या भाषेत करावी हे जेव्हा सरकार ठरवू लागते, तेव्हा पाचशे वर्षांपूर्वीचा शुभ्र झगेवाला सरदार आणि समोर छडी घेऊन उभा असलेला मास्तर एकच भासू लागतात. १९१० मध्ये लढाईच्या पंचशताब्दीनिमित्त क्राकोव्ह येथे, प्रख्यात पियानोवादक पादेरेव्स्की ह्याने दिलेल्या धनातून यागेलोचे भव्य स्मारक उभे राहिले आणि लाखाहून अधिक लोक त्या सोहळ्यास लोटले. त्यांचा उमाळा कृत्रिम नव्हता. राजकारणी पुरुषांना भावना निर्माण कराव्या लागत नाहीत. त्या आधीच असतात. त्यांना फक्त पाट काढून हवे तिकडे पाणी वळवावयाचे असते.

तो पाट १९१४ मध्ये वळविला गेला. ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. १४ ऑगस्ट रोजी रशियाचा सरसेनापती ग्रँड ड्यूक निकोलस ह्याने पोलिश जनतेस उद्देशून एक जाहीरनामा काढला. ग्रुन्वाल्ड येथे शत्रूस लोळविणारी तलवार अजून गंजलेली नाही, अशा आशयाचे आवाहन त्यात होते. ज्या झारशाहीने शंभर वर्षे पोलिश स्वातंत्र्याचे उठाव रक्तात बुडविले, तिला आता ग्रुन्वाल्डची आठवण झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २६ ते ३० ऑगस्ट ह्या काळात, पूर्व प्रशियात जर्मनांच्या आठव्या सेनेने रशियाच्या दुसऱ्या सेनेस वेढून तिचा नाश केला. सुमारे ९२ हजार रशियन सैनिक कैद झाले. सेनापती सॅम्सोनोव्ह ह्याने अरण्यात स्वतःवर गोळी झाडून घेतली.

ही लढाई दूरवर पसरलेल्या मुलुखात झाली होती आणि टॅनेनबर्ग हे खेडे तिच्या मध्यभागी नव्हते. तरीही जर्मन सेनानींनी तिला नाव दिले टॅनेनबर्ग. पुढे ह्या नामकरणाचे श्रेय एकाहून अधिक सेनाधिकाऱ्यांनी स्वतःकडे घेतले. ह्यावरूनच त्या नावाची किंमत त्यांना किती पुरी कळली होती, हे दिसते. त्या एका शब्दाने एका यशस्वी लष्करी हालचालीचे रूपांतर पाचशे वर्षांच्या सूडात झाले. वस्तुतः १४१० च्या विजेत्या सेनेत रशियाचा झार नव्हता, आणि १९१४ च्या पराभूत सेनेत यागेलोचे राज्य नव्हते. पोलिश तरुण तर ह्या युद्धात रशियन, जर्मन आणि ऑस्ट्रियन अशा तिन्ही सेनांत भरती झालेले होते आणि परस्परांवर गोळ्या झाडीत होते. एकाच ग्रुन्वाल्डच्या नावाने एकीकडून त्यांना हाक आली आणि दुसरीकडून त्यांच्यावर सूड उगविल्याचे जाहीर झाले. त्यांना स्वतःला काय वाटते, हे कोणी विचारले नाही.

त्या नावाने एक मनुष्यही घडविला. पाउल फॉन हिंडेनबर्ग हा ६६ वर्षांचा निवृत्त सेनानी. युद्ध सुरू झाल्यावर त्यास परत बोलावण्यात आले होते. टॅनेनबर्गचा विजयी वीर म्हणून तो राष्ट्राचे दैवत बनला. १९१५ मध्ये बर्लिनमध्ये त्याचा सुमारे बारा मीटर उंचीचा लाकडी पुतळा उभारला गेला. पैसे देऊन लोक त्यात खिळे ठोकीत आणि तो पैसा युद्धग्रस्तांच्या मदतनिधीस जाई. १९१८ मध्ये जर्मनीचा पराभव झाला. पण टॅनेनबर्गचा विजय मात्र कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. जी सेना टॅनेनबर्गला जिंकली ती हरलीच कशी, असा प्रश्न निघाला, आणि हिंडेनबर्गनेच १९१९ मध्ये संसदीय चौकशी समितीपुढे उत्तर दिले की, सेनेच्या पाठीत सुरा खुपसला गेला. ह्या असत्याने नव्या जर्मन प्रजासत्ताकाचे किती नुकसान केले, हे सर्वविदित आहे. १९२५ मध्ये हिंडेनबर्ग त्याच प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला. १९२७ मध्ये रणभूमीजवळ आठ बुरुजांचे, किल्ल्यासारखे प्रचंड स्मारक खुले करण्यात आले. त्या प्रसंगीही त्याने युद्धाची जबाबदारी जर्मनीवर नाही असे ठासून सांगितले. ज्या जागी मृतांसाठी शोक करावयाचा, तेथे जिवंतांची कैफियत मांडली गेली.

१९३४ मध्ये हिंडेनबर्ग मरण पावला. आपल्या नॉयडेक येथील जमिनीत, पत्नीशेजारी विसावा मिळावा, अशी त्याची इच्छा होती. हिटलरने ती मानली नाही. टॅनेनबर्गच्या स्मारकात त्याचा दफनविधी झाला आणि त्या ख्रिस्ती सेनानीस हिटलरने अखेरचा निरोप दिला तो प्राचीन जर्मन दैवतांच्या वाल्हालात प्रवेश करण्याचा. मृत माणसाला उलट बोलता येत नाही. स्मृतीच्या व्यापारात ही फार मोठी सोय असते. ह्याच राजवटीने १९३८ मध्ये ऑस्ट्रिया घेतल्यावर तेथे अजून टिकून असलेला खरा ट्यूटॉनिक संघ बरखास्त केला. त्यांना संघाचा झगा हवा होता. त्या झग्यातील धर्मबंधू नको होते.

१९३९ च्या ऑगस्टअखेरीस टॅनेनबर्गच्या विजयाचा पंचविसावा वर्षदिन यावयाचा होता. त्यासाठी मोठा सोहळा जाहीर झाला, आणि त्याच्या निमित्ताने पूर्व प्रशियात सैन्य जमविणे सोपे गेले. त्याच वेळी श्लेस्विग-होल्स्टाइन ही जुनी युद्धनौका डान्झिग बंदरात दाखल झाली. २६ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे टॅनेनबर्गची लढाई सुरू झाली त्याच दिवशी, बाल्टिक समुद्रात गमावलेल्या माग्डेबुर्ग ह्या क्रूझरवरील मृत खलाशांना श्रद्धांजली वाहण्यासाठी ती आली आहे, असे सांगण्यात आले होते. तिच्या पोटात सैनिक लपविलेले होते. १ सप्टेंबरच्या पहाटे तिच्या तोफांनी वेस्टरप्लाटे येथील पोलिश ठाण्यावर मारा केला आणि दुसऱ्या महायुद्धास तोंड लागले. श्रद्धांजलीची फुले घेऊन यावे आणि फुलांखाली तोफ असावी, ह्याहून बोलके दुसरे दृश्य मला ठाऊक नाही.

त्यानंतर टॅनेनबर्ग हे नाव एका निराळ्या कामास लावले गेले. पोलिश समाजातील शिकलेसवरलेले लोक वेचून मारण्याच्या मोहिमेचे ते गुप्त नाव होते. ६० हजारांहून अधिक नावांच्या याद्या आधीच छापून तयार होत्या. त्यांत शिक्षक होते, धर्मगुरू होते, वकील, डॉक्टर, जमीनदार आणि जुन्या उठावांत भाग घेतलेले देशभक्त होते. क्राकोव्हमधील यागेलोचे स्मारक फोडण्यात आले. मातेइकोचे चित्र हाती लागावे म्हणून मोठे बक्षीस लावले गेले. पण ज्यांना ते ठाऊक होते त्यांनी तोंड उघडले नाही आणि ते प्रचंड चित्र लुब्लिनजवळ जमिनीत पुरलेले राहिले. स्मृतीसाठी प्राण देणारे आणि स्मृतीच्या नावाने प्राण घेणारे, हे दोन्ही प्रकार एकाच काळात, एकाच लढाईच्या संदर्भात दिसतात. म्हणून स्मृती ही वस्तुतः वाईट असे म्हणणे मला पटत नाही.

१९४५ च्या जानेवारीत रशियन सेना जवळ येताच माघार घेणाऱ्या जर्मनांनी टॅनेनबर्गचे स्मारक स्वतःच सुरुंग लावून उडविले आणि हिंडेनबर्गची शवपेटी घेऊन ते पळाले. त्याचे दगड पुढे दुसऱ्या बांधकामांत गेले. पण खेळ संपला नव्हता. खेळाडू बदलला होता. पोलंडमध्ये सोव्हिएत पाठबळाने आलेल्या कम्युनिस्टांनी ग्रुन्वाल्डच्या क्रूसाचे मानचिन्ह काढले आणि ग्रुन्वाल्ड १४१० व बर्लिन १९४५ ही दोन नावे एकत्र जोडणारी भित्तिपत्रके लावली. धर्म न मानणाऱ्यांनी क्रूस मिरविला, कारण त्यांना लोकांच्या मनाचा दरवाजा उघडावयाचा होता. जर्मनांविरुद्ध सर्व स्लाव एक, हा त्यातील बोध. त्या बोधास न जुळणाऱ्या आठवणींना मात्र बंदी होती. १९२० मध्ये वॉर्साच्या वेशीवर पोलिशांनी लाल सेनेचा केलेला पराभव, १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी कातिन व अन्य ठिकाणी ठार केलेले सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी व इतर कैदी, आणि सैबेरियाकडे हाकलली गेलेली कुटुंबे, ह्यांविषयी उघड बोलण्याची सोय नव्हती. त्या हाकललेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे १९४३ पासून १९४८ पर्यंत आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहून गेली. ज्या आठवणी त्यांना वळिवड्यात मोकळेपणाने एकमेकांना सांगता येत होत्या, त्या त्यांच्या मायदेशात अपराध ठरत होत्या. कातिनची जबाबदारी मॉस्कोने कबूल केली ती १९९० मध्ये.

१९५८ मध्ये पश्चिम जर्मनीचे पंतप्रधान आडेनौअर ह्यांना ट्यूटॉनिक संघाने सन्माननीय सरदार केले. शुभ्र झगा पांघरलेले त्यांचे छायाचित्र पोलिश सरकारी प्रचारास आयतेच मिळाले आणि पुढे वर्षानुवर्षे ते छापले गेले. अशा वातावरणात १८ नोव्हेंबर १९६५ रोजी पोलंडच्या कॅथलिक बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिले. त्यांनी इतिहास लपविला नाही. ट्यूटॉनिक सरदारांपासून हिटलरच्या छळछावण्यांपर्यंत सर्व त्यांनी मांडले. कॉन्स्टन्सच्या त्या विस्मृत पंडिताचीही आठवण केली. आणि शेवटी म्हटले की, आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो. सरकार खवळले. बिशपांना राष्ट्राच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी दिला, असा गिल्ला झाला. अनेक सामान्य पोलिश श्रद्धाळूंनाही ते पत्र बोचले, कारण जखमा अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. ज्याचे घरदार गेले, त्याने क्षमा का मागावी? हा प्रश्न साधा नाही, आणि त्याला घाईने उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. तथापि पाच वर्षांनी दोन्ही देशांत करार झाला, तेव्हा ह्या पत्राने नांगरलेली जमीन उपयोगी पडली, हे नाकारता येत नाही.

श्रोते हो, ह्या एका रणभूमीच्या कथेवरून स्मृतीच्या राजकीय उपयोगाची रीत ओळखता येते. प्रथम आजच्या घटनेस जुने नाव दिले जाते, म्हणजे आजची कारणे शोधण्याची जरूर उरत नाही. नंतर जुन्या घटनेतील न जुळणारी माणसे पुसली जातात. तार्तार घोडेस्वार, सायलेशियाचा पोलिश सरदार, डान्झिगचे बंडखोर व्यापारी, ही सर्व मंडळी चित्रातून नाहीशी होतात. शेवटी उरलेल्या चित्राचे रूपांतर कर्जात केले जाते, आणि ते कर्ज जिवंतांनी आपल्या प्राणांनी फेडावे असे सांगण्यात येते. हे सांगणारा स्वतः बहुधा फेडणाऱ्यांच्या रांगेत नसतो.

सरतेशेवटी एक गोष्ट सांगतो. हिंडेनबर्गची ती भटकी शवपेटी थुरिंगियातील एका खाणीत अमेरिकन सैनिकांस सापडली आणि १९४६ मध्ये मार्बुर्ग येथील संत एलिझाबेथच्या चर्चमध्ये ती पुरण्यात आली. ते चर्च तेराव्या शतकात बांधले होते ट्यूटॉनिक संघानेच. २०१० मध्ये ग्रुन्वाल्डच्या सहाशेव्या वर्षदिनी त्या संघाचे प्रमुखही पोलंडचे नवनिर्वाचित अध्यक्ष व लिथुएनियाच्या अध्यक्षा ह्यांच्यासमवेत रणभूमीवर उपस्थित होते. आता तो संघ शस्त्र धरीत नाही. धर्मकार्य आणि रुग्णसेवा करतो. म्हणजे खुद्द वारसदारांनी ते भांडण मिटविले आहे. तेव्हा उद्या कोणी व्यासपीठावरून आपल्या पूर्वजांचे नाव घेऊन आपल्या मुलांना हाक देऊ लागला, तर त्या पूर्वजांचा मान राखूनच आपण त्यास काही प्रश्न विचारावेत: त्या दिवशी तेथे खरोखर कोण कोण होते, तुम्ही त्यांपैकी कोणाला वगळले, आणि आजच आपणांस त्यांची आठवण का झाली? इतिहासाच्या तासाला सनावळ्या पाठ करणाऱ्या मुलांना एवढे विचारावयाची सवय लागली, तर त्या सनावळ्या पुष्कळ कामी आल्या असे होईल.